आमची वाटचाल : सरकत्या दारापासून जिराफघरापर्यंत

आमचा मूळ धंदा लोखंडी कामाचा. गोदामांची शटर, कारखान्यांची फाटकं, जिने, कठडे. प्राणिसंग्रहालयाचं पहिलं काम आलं तेही दाराचंच. जिराफांच्या रात्रनिवाऱ्याचं सरकतं दार रुळावरून उतरत होतं, ते नीट बसवून द्यायचं होतं. पूर्ण वाढलेला नर साडेपाच मीटरपर्यंत उंच होतो, म्हणजे दारही त्याच मापाचं. दुरुस्ती सोपी होती. पण तिथल्या कीपरची, म्हणजे जनावरांची देखभाल करणाऱ्याची, चिंता वेगळीच होती : दार मध्येच थांबवता येतं का, सरकताना खडखडतं किती, आणि ते ओढणारा माणूस उभा कुठे राहतो? जिराफ पुढच्या पायांनीही लाथ मारतो आणि मागच्यांनीही. आम्ही दोर-कप्पी भिंतीबाहेर घेतली आणि दार ओढणाऱ्याला जनावर दिसावं म्हणून भिंतीत जाळीची खिडकी ठेवली. ते काम पाहून पुढची कामं मिळत गेली.

सुरुवातीची वर्षं निव्वळ डागडुजीत गेली. जुन्या जिराफघरांत पहिली तक्रार हमखास जमिनीची असते. गुळगुळीत काँक्रीट ओलं झालं की पाय फाकतात, आणि हजार किलोंच्या आसपास वजनाचं उंच जनावर तसं पडलं तर ते पुन्हा उभं राहीलच असं नाही. जमीन फार खरखरीत केली तर खुरं सोलवटतात. सगळीकडे मऊ ठेवली तर ती झिजतच नाहीत, वाढून वाकडी होतात आणि जनावर लंगडायला लागतं. म्हणून आम्ही एकाच जातीची जमीन कुठेच देत नाही. उभं राहायच्या जागी वाळूचा जाड थर किंवा रबरी मॅट, ये-जा करायच्या वाटेवर ओल्यावरच झाडूने ओरखडे काढलेलं काँक्रीट, बाहेर चांगला निचरा असलेली मातीची जमीन.

जिराफ नव्या गोष्टीला फार बिचकतो. एका ठिकाणी आमच्या आधीच्या कंत्राटदाराने ऐन उंबऱ्यात गटाराची लोखंडी जाळी आडवी टाकली होती. पाणी छान वाहून जायचं, पण जिराफ काही आत यायचे नाहीत. मान खाली घालून जाळी हुंगायचे, एक पाय उचलायचे आणि मागे फिरायचे. कीपर बिचारे रोज संध्याकाळी तिच्यावर माती आणि गवत पसरायचे. आम्ही गटार आतल्या भिंतीच्या कडेला नेलं आणि उंबरा आतल्या-बाहेरच्या जमिनीला सलग केला. वास्तुविशारदाच्या नकाशात ती जाळी ही फक्त एक रेघ असते.

गजांचंही तसंच. दोन गजांमधली फट खालच्या बाजूला निमुळती होत गेली, तर वर सहज शिरलेली मान खाली येऊन अडकते, आणि घाबरलेलं जनावर ती वर उचलून काढण्याऐवजी मागे खेचत राहतं. शोभेसाठी उभ्या केलेल्या वाळक्या झाडांची बेचकीसुद्धा आम्ही याच नजरेने तपासतो.

जीभ तर साधारण अर्धा मीटर लांब, आणि तिला सतत काम हवं. मोकळ्या रानात दिवसाचा मोठा भाग पाला ओरबाडण्यात जातो. इथे चारा पटकन संपला की ती कठडे चाटत बसते. जुन्या कठड्यांच्या रंगात शिसं असू शकतं. तशी शंका आली की आम्ही तो रंग जागेवर खरवडत नाही, कारण त्याची धूळ आणखी वाईट. अख्खा कठडाच उचलून नवा देतो आणि सोबत उंचावर टांगायची, बारीक भोकांची गव्हाण, म्हणजे मूठभर चाऱ्यालाही जिभेला कसरत पडते. (बाग विभागाला मात्र कुंपणालगत कण्हेर लावायची भारी हौस. ती विषारी आहे आणि मान कुंपणाबाहेर बरीच पोचते, हे दरवेळी नव्याने सांगावं लागतं.)

दुरुस्त्यांमधून पुढे अख्खे आराखडे करायला लागलो. मागणी बहुतेकदा एकच : गज नकोत, आफ्रिकेचं मैदान दिसलं पाहिजे. हे काही नवं नाही. कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणी-व्यापाऱ्याने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगेनला खंदक लपवून असाच देखावा उभा केला होता. देखावा आम्हालाही आवडतो, पण आराखड्याचं पहिलं पान आम्ही मागच्या बाजूचं देतो : रात्रनिवारा, वेगळं करायची आवारं, चाऱ्याची गाडी वळायला जागा, आणि क्रश, म्हणजे जनावराला बेताने अडवून ठेवायची अरुंद बोळ. जिराफाला भूल देणं जोखमीचं असतं. खाऊ देऊन त्या बोळात शांत उभं राहायची सवय लावली, तर खुरं कापणं, रक्त घेणं भुलीशिवायही जमतं. हे पान पाहून काही ग्राहकांचे चेहरे पडतात. आफ्रिका म्हणून मुखवटे, ढोल आणि गवताची छपरं मागणारेही भेटतात. तो भाग आम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायला सांगतो.

एकाच मैदानात जिराफ, झेब्रे, हरणं आणि शहामृग ठेवायचे असतील तर खरी डोकेफोड सुरू होते. झेब्र्याचा नर दिसतो गोजिरवाणा, पण हरणांची पिल्लं तो मारू शकतो. म्हणून आडोशाला खांबांची ओळ देतो. हरीण त्यातून निसटतं, झेब्रा बाहेरच राहतो. गेंड्यासाठी हीच युक्ती जाडजूड पोलादी खांबांनी करायची : माणूस आडवा होऊन बाहेर सटकू शकतो, गेंडा नाही. शहामृग चकाकणारं काहीही गिळतो. त्यामुळे काम संपल्यावर सगळ्या मैदानावरून लोहचुंबक फिरवायचा, आणि बांधणीच्या तारेचा एकेक तुकडा, खिळा, वेल्डिंग रॉडचं थोटूक वेचायचं. नव्या माणसाला आम्ही पहिलं काम हेच देतो. नवीन तारेचं कुंपण पळत्या जनावराला दिसत नाही, तेव्हा सुरुवातीला त्यावर कापडाच्या पट्ट्या बांधतो.

आजही आमची तुकडी लहानच आहे. वेल्डर, गवंडी, आराखडे काढणारे सगळे एकाच टेबलाभोवती बसतात. कंत्राटात आता एक कलम ठरलेलं असतं : जनावरं नव्या आवारात सोडल्यावर ती रुळेपर्यंत आमचा वेल्डर हत्यारं घेऊन तिथेच मुक्कामाला राहणार, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला असणार. पैसे वाचवायला ग्राहक सगळ्यात आधी याच कलमावर बोट ठेवतात. त्यावर अडून बसले तर आम्ही ते काम घेत नाही.