पाणी बदललं आणि पाणबुडी ऐकेना

पुण्यात तपकीर गल्लीत आमचं रिपेरिंगचं टेबल आहे, रिमोटच्या गाड्या, बोटी, विमानं सगळं येतं आणि निम्म्या वेळा सर्व्होचा गिअर गेलेला नाहीतर बॅटरी फुगलेली असते. पण मध्यंतरी इंजिनिअरिंगची पोरं पाणबुडीचं मॉडेल घेऊन आली, ती केस अजून डोक्यातून जात नाहीये.

तक्रार अशी की वर मस्त पळते, बुडाली की ऐकत नाही. आधीच्या दुकानदाराने रिसिव्हर बदलून पैसे घेतलेले आणि त्यांचे कॉलेजचे सर म्हणाले, सिग्नलची पॉवर वाढवणारा बूस्टर लावा. असा सल्ला पोरांना कोणी दिला की मला खरंच राग येतो. सेट २.४ गिगाहर्ट्झचा, त्या फ्रिक्वेन्सीला पाण्याचे रेणूच सिग्नल खातात, गोड्या पाण्यातसुद्धा दर सव्वा सेंटीमीटरला तो साधारण निम्मा होतो. पॉवर दहापट केली तरी खोली वाढणार फक्त चारेक सेंटीमीटर! खोक्यावर लिहिलेली रेंज हवेतली असते, हे विकणारा सांगतच नाही.

मग जुन्या स्टॉकमधला ४० मेगाहर्ट्झचा सेट काढला. क्रिस्टल, लांब एरियल, पण पाणबुडीवाल्यांसाठी अजूनही सोनं आहे. सिग्नल गेला तर बॅलास्टचा, म्हणजे बुडण्यासाठी पाणी भरायच्या टाकीचा, पंप उलटा फिरून बोट वर यावी म्हणून वेगळा फेलसेफही बसवला, त्याशिवाय मी बोट देतच नाही. सोसायटीच्या हौदात, कॉर्पोरेशनच्या पाण्यात, तळाला टेकली तरी प्रत्येक कमांड घेत होती. पोरं खूश.

दोन दिवसांनी फोन, दादा, स्विमिंग पूलमध्ये मीटरभर खाली गेली की बंद पडते, आपोआप वर येते. पहिला संशय एरियलच्या जोडावर, तो टेस्टरवर ठणठणीत. मग टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा, घेऊन गेलो. हौदाचं पाणी दीडशेच्या आत, पूलचं हजाराच्या वर, कारण पूल बोअरच्या टँकरने भरलेला आणि वर क्लोरीन, ॲसिड, काय काय. ४० मेगाहर्ट्झला रेणूंचा त्रास फार नसतो, तिथे क्षार नडतात. क्षार वाढले की पाण्यातून वीज जास्त वाहते आणि लहर तितक्या लवकर मरते. हौदात दर मीटर खोलीला तीनेक डेसिबल जात असतील, म्हणजे सिग्नल निम्मा, त्या पूलमध्ये हिशोब तीसच्या आसपास येतो, म्हणजे हजारावा भागच उरतो. समुद्रात तर विचारूच नका. शिवाय सरळ वरून पडणाऱ्या लहरींतल्या साधारण दोन तृतीयांश पृष्ठभागावरूनच परत जातात, ते वेगळंच.

सर अजून म्हणतात पूलचं पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, फॉल्ट बोटीत असणार. डोळ्याला स्वच्छ आणि रेडिओला स्वच्छ यांचा काही संबंध नाही, पण मार्क त्यांच्या हातात.

डेमो पूलमध्येच आहे, त्यामुळे आता २.४ चाच सेट परत लावून एरियल थर्माकोलच्या छोट्या फ्लोटवर पाण्याबाहेर ठेवतोय, तिथून बारीक कोॲक्स वायर खाली बोटीत. वळताना वायर मागे ओढते, ते पोरं बघतायत. मला काळजी आहे ती कोॲक्स बोटीच्या बॉडीत शिरते तिथल्या ग्लँडची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या सीलची, दाबाखाली ती अजून थेंब थेंब गळतेय.