जम्बोची बरणी

मी कांदिवलीला राहते, ताई डोंबिवलीला. रविवारी दादरला भेटायचं म्हटलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "तुमच्याकडे जम्बो आहे का गं आज?" "आहे ना, दहा ते तीन. तुझ्याकडे मेगा?" "असणारच." मग भेट पुढच्या रविवारावर. रूळदुरुस्तीसाठी मध्य रेल्वे घेते तो मेगाब्लॉक आणि पश्चिम रेल्वे घेते तो जम्बोब्लॉक. खोळंबा दोन्हीकडे सारखाच.

यातला मेगा ग्रीक. मोजमापात दहा लाखपट. हिशेबी शब्द. जम्बोला मात्र खरोखरची सोंड होती.

धिप्पाड, अवघडलेल्या माणसाला इंग्रजी बोलीत पूर्वीही जम्बो म्हणत, पण शब्द जगभर नेला तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या आफ्रिकी हत्तीने. 1865 साली तो पॅरिसहून तिथे आला. पोरं त्याच्या पाठीवर बसून फेऱ्या मारत. 1882 मध्ये बार्नम या अमेरिकन सर्कसवाल्याने त्याला दोन हजार पौंडांना विकत घेतलं, तर शाळकरी मुलांनी थेट राणी व्हिक्टोरियाला पत्रं लिहिली. खुद्द जम्बोही पिंजऱ्यात शिरेना, रस्त्यावरच बसकण मारली त्याने. शेवटी गेला. तीनच वर्षांत कॅनडात मालगाडीची धडक बसून मेला. रेल्वेशी त्याचं नातं असं आहे, हे आमच्या ब्लॉकवाल्यांना माहीत नसावं.

मोठेपणासाठी इंग्रजीने असे किती जणांचे देह उसने घेतलेत! मॅमथ घेतला, ग्रीकांचे टायटन घेतले, ऱ्होड्स बेटावरच्या पुतळ्यावरून कलोसल घेतलं. आपला पुरीचा जगन्नाथही सोडला नाही. ज्याचा रथ हजारो माणसं भक्तीने दोर धरून ओढतात, त्याचं तिकडे झालं 'जगरनॉट', म्हणजे वाटेत येईल ते चिरडत जाणारं धूड. ब्रिटनमध्ये तर अवजड ट्रकलाही तेच म्हणतात. हे मला कधीच पटलेलं नाही.

आपलं 'अगडबंब' बरं. कुणाच्या घरचं काही उचललेलं नाही. नुसतं म्हणून पाहा, गाल आपोआप भरतात.

जम्बोच्या नावावर पुढे बोइंग 747 उडालं. एअर इंडियाकडे पहिलं जम्बो 1971 मध्ये आलं, 'सम्राट अशोक'. तिथवर नाव शोभत होतं. काल मी वेफर्सचा जम्बो पॅक आणला. पुडा उशीसारखा टम्म. कात्री लावली, फुस्स झालं, आणि वाडग्याचा तळ जेमतेम झाकला. लेक म्हणाली, "आई, हत्ती कुठाय?"

तर हत्तीचं पुढे असं झालं, की त्याचा सांगाडा न्यूयॉर्कच्या संग्रहालयात गेला आणि कातड्यात पेंढा भरून बार्नमने तो बोस्टनजवळच्या टफ्ट्स कॉलेजला दिला. तिथले खेळाडू आजही स्वतःला जम्बो म्हणवतात. 1975 मध्ये इमारतीला आग लागली, हत्ती जळाला. तिथल्या एका कर्मचाऱ्याने राखेतली मूठभर राख उचलली आणि हाताशी होती त्या पीनट बटरच्या रिकाम्या बरणीत भरली. ती अजून जपून ठेवली आहे. सामन्याआधी खेळाडू शुभशकुन म्हणून तिच्यावर हात फिरवतात. बरणी साधीच, चारशे ग्रॅमची. जम्बो पॅक नव्हे.