तीन रेघा, तीन टिंबं

ग्वाटेमालातल्या किरिग्वाला आम्ही प्राचीन माया संस्कृतीतल्या राजांच्या शिलास्तंभांवरचे लेख टिपायला गेलो होतो. आपल्याकडे शिलालेखाचा ठसा घेताना ओला कागद दगडावर बसवतात, ब्रशने ठोकतात, मग शाई लावतात. मी तेच करत आलोय. इथे मात्र दगडाला हात लावायचा नाही. वालुकाश्म आणि मोटाग्वा नदीचं दमट खोरं. वर छप्पर असूनही शेवाळ चढतं. म्हणून काम रात्री. दिवा दगडाला लागून आडवा धरायचा आणि सावल्यांचे फोटो घ्यायचे.

त्या रात्री ७५६ सालचा 'जे' स्तंभ होता. दुपारी उन्हात तिथे मला नुसता खडबडीत दगड दिसला होता. आता दिवा हळूहळू कडेला नेला आणि एका चौकटीत तीन रेघा उठल्या, शेजारी तीन टिंबं. माया आकड्यांत रेघ म्हणजे पाच, टिंब म्हणजे एक. अठरा. हा मजकूर मी रेखाचित्रांत कितीदा वाचला होता, तरी हात थरथरला आणि फोटो हलला.

वाशाक्लाहुन म्हणजे अठरा. वाशाक्लाहुन उबाह काविल, कोपान या दुसऱ्या माया नगराचा तेरावा राजा. नावातलं 'बाह' लिहायला बिळात राहणाऱ्या एका प्राण्याचं डोकं कोरतात. जुन्या अभ्यासकांना तो ससा वाटला, म्हणून या राजाला कितीतरी वर्षं 'अठरा ससा' म्हणत.

त्यानेच ७२५ साली किरिग्वाच्या काक तिलिव चान योपातला गादीवर बसवलं होतं. ३ मे ७३८ ला त्याच मांडलिकाने त्याचा शिरच्छेद केला. लेखात त्यासाठी कुऱ्हाडीचं चिन्ह आहे. पुढे काक तिलिवने ७७१ साली १०.६ मीटरची, सुमारे ६५ टनांची एकच शिला उभी केली. पण त्याच्या चौकाची मांडणी बघा, ती कोपानच्या चौकासारखी. ज्याला मारलं त्याच्याचसारखं व्हायचं होतं त्याला, असं मला तिथे उभं राहून ठामपणे वाटलं.

पहारेकरी आजोबा जवळ आले. "काय लिहिलंय?"

"एका राजाचं नाव."

"हा स्तंभ उभारला त्याचं?"

"नाही. त्याने मारलं त्याचं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्या हातातला दिवा त्यांनी घेतला आणि त्या टिंबांवर, मी सांगितलं होतं तस्साच, आडवा धरून ठेवला. हललेला फोटो मी पुन्हा घेतला.