ओआमारूचे डायटम: ढेकळापासून फोटोपर्यंत

डायटम म्हणजे पाण्यातलं एकपेशीय शैवाल; त्याचं कवच म्हणजे काचेचा करंडा. खाली डबी, वर झाकण, दोन्ही सिलिकाचे. म्हणूनच मराठीत याला करंडक वनस्पती असंही नाव आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओआमारू गावाजवळ अशा करंड्यांनी ठासून भरलेली माती मिळते. साधारण साडेतीन कोटी वर्षांपूर्वी ती समुद्रतळाशी साचली. जीवाश्म डायटमचे फोटो काढायला मी हीच वापरतो, कारण यातले डायटम मोठे आहेत. अरॅक्नॉयडिस्कस या डायटमची कोळ्याच्या जाळ्यासारखी चकती १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे जाते आणि सूक्ष्मदर्शकाच्या २०x, म्हणजे २० पट मोठं करणाऱ्या भिंगाखालीही तिचे आरे मोजता येतात. बागेसाठी मिळणारी डायटोमेशियस अर्थची पावडर या कामाची नाही. ती दळलेली असते, स्लाइडवर नुसता चुरा दिसतो. शिवाय कोरडी उडणारी सिलिका फुप्फुसांना वाईट, त्यामुळे कुठलीही डायटम माती हाताळताना मी मास्क लावतो.

फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा धुण्यात. पाच ग्रॅमचं ढेकूळ पुष्कळ झालं. ते हातानं हरभऱ्याएवढं फोडायचं; खलात घातलं की अख्खे त्रिकोणी डायटम संपलेच. आधी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून फेस थांबेपर्यंत चुना काढायचा. आम्ल पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. मग दोन-तीनदा पाणी बदलायचं.

तरीही खडे घट्टच राहतात. ते फोडायला सोडियम सल्फेट उत्तम. कोमट पाण्यात विरघळेल तेवढं विरघळवून त्यात खडे तासभर मुरू द्यायचे आणि झाकण लावून बरणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची. मातीच्या छिद्रांत स्फटिक वाढतात आणि खडा आतून उकलतो. सकाळी गरम करून वितळवायचं, पुन्हा थंड करायचं. तीन-चार फेऱ्यांत चिखल होतो. सोडियम सल्फेटचे पाणी धरलेले स्फटिक ३२ अंशांच्या वर टिकत नाहीत. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात बरणी ओट्यावर ठेवली तर काहीच होणार नाही, फ्रीज हवाच. बरणीवर ठळक चिठ्ठी लावा.

घाईपोटी कॉस्टिक सोड्यात उकळू नका. माती भराभर सुटते, पण अल्कलीत सिलिकाही विरघळते. आधी बारीक जाळी झिजते, मग कडा. डायटम अख्खा दिसतो, पण त्यावरचे ठिपके गेलेले असतात, आणि दोष मात्र भिंगाला लागतो.

सोडियम सल्फेट धुऊन काढलं की सेंद्रिय मळासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड, हातमोजे घालून. त्यानंतर चिकणमाती. चिमूटभर सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट टाकलं की तिचे कण एकमेकांना धरत नाहीत. बीकरमध्ये १० सेंमी पाणी भरायचं, ढवळायचं, १५ मिनिटं थांबायचं आणि वरचं गढूळ पाणी ओतून द्यायचं. मोठे डायटम तेवढ्यात तळाला बसतात, मातीला कित्येक तास लागतात. आठ-दहा वेळा केलं की वरचं पाणी नितळ होतं. ओतण्याआधी प्रत्येक वेळी वरच्या पाण्याचा एक थेंब १०x खाली बघायचा. शेवटी वाळू: वॉचग्लासमध्ये गोल फिरवलं की ती मध्यावर जमते, हलके डायटम पाण्याबरोबर वेगळे ओतून घेता येतात. शेवटच्या तीन धुण्या डिस्टिल्ड वॉटरच्या. नळाच्या पाण्यातले क्षार सुकले की काळ्या पार्श्वभूमीवर चांदण्यांसारखे चमकतात.

धुतलेल्या डायटमचा थेंब स्लाइडवर टाकू नका, ०.१७ मिमीच्या कव्हरस्लिपवर (स्लाइडवर झाकायच्या पातळ काचेवर) टाका. ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचं भिंग, त्याच जाडीसाठी बनवलेलं असतं, आणि डायटम काचेला चिकटून असला तर मधल्या थरामुळे प्रतिमा धूसर होत नाही. थेंब गरम करून सुकवला तर सगळे कडेला जाऊन कडं तयार होतं. झाकून सावकाश सुकू द्या.

आता बसवायचं कशात? डायटमच्या सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे १.४३, स्लाइडसाठी नेहमी वापरतात त्या कॅनडा बाल्सम या राळेचा १.५३ च्या जवळ. फरक इतका कमी की जाळी विरून जाते. नॅफ्रॅक्स या डायटमसाठीच्या राळेचा १.७ च्या आसपास आहे, म्हणून तेच घ्यावं. त्यातलं टोल्युइन उडवायला स्लाइड हॉटप्लेटवर तापवावी लागते. खिडकी उघडी, जवळ ज्योत नाही. बुडबुडे थांबले की कव्हरस्लिप हलके दाबायची. थंड झाल्यावर कडेला आलेल्या थेंबात सुई रुतली तर अजून तापवायला हवं.

२०x/०.४० ऑब्जेक्टिव्हची (दुसरा आकडा एनए, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचं माप) फोकसची खोली जेमतेम साडेतीन मायक्रॉन, ४०x/०.६५ ची सव्वा मायक्रॉनच्या आसपास. घुमटासारखा डायटम एका फ्रेममध्ये मावत नाही, स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम सॉफ्टवेअरनं एकत्र करणं, करावंच लागतं. फाइन फोकसच्या चक्रीवरचा एक भाग माझ्याकडे २ मायक्रॉनचा आहे; २०x वर एकेक भाग, ४०x वर अर्धा. चक्री एकाच दिशेनं फिरवायची, मागे आलात की दात्यांची ढिलाई मध्ये येते.

सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात. ट्रायसेरॅशियम या त्रिकोणी डायटमच्या पृष्ठभागावर फोकस आणून चक्री अगदी हळू फिरवून बघा. छिद्रं आधी पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात, जरा पुढे गेलं की तीच काळी होतात. दोन्ही पातळ्या एकाच स्टॅकमध्ये आल्या तर सॉफ्टवेअर कुठे पांढरा ठिपका उचलतं, कुठे काळा, आणि जाळीचा लगदा होतो. ब्राइटफील्डमध्ये (उजळ पार्श्वभूमीवर) मी कडेपासून माथ्यापर्यंत फ्रेम घेतो, पण वरची हद्द पांढऱ्या ठिपक्यांवरच थांबवतो. बाकीच्या फ्रेम स्टॅक करण्याआधी काढून टाकतो. डायटमचे दोन्ही अर्धे जोडलेले असतील तर खालच्याची जाळीही वर उमटते, त्यामुळे सुटा अर्धाच निवडावा.

कंडेन्सरची (स्लाइडखाली प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाची) झडप ऑब्जेक्टिव्हच्या एनएच्या ७०-८० टक्के उघडी ठेवा. जास्त मिटली तर कॉन्ट्रास्ट वाढल्यासारखा वाटतो, पण ठिपके फुगतात. साध्या अक्रोमॅट ऑब्जेक्टिव्हवर (यात रंगदोष पूर्ण गेलेला नसतो) हिरवा फिल्टर लावून कृष्णधवल फोटो घेतला की कडांचे जांभळे रंग जातात. डार्कफील्डसाठी (काळ्या पार्श्वभूमीवर उजळ डायटम) फिल्टरच्या जागी काळ्या कार्डाची गोल चकती पुरते: माझ्या कंडेन्सरवर १०x साठी ८ मिमीपासून सुरुवात करून पार्श्वभूमी काळी होईपर्यंत एकेक मिमी वाढवत गेलो. २०x ला १२ मिमीच्या पुढे लागते.

स्टॅकमध्ये आखूड तिरप्या रेघा दिसल्या तर ती सेन्सरवरची धूळ आहे. सॉफ्टवेअर फ्रेम सरकवून जुळवतं, धूळ मात्र प्रत्येक फ्रेममध्ये जागच्या जागी असते, म्हणून तिची रेघ होते. स्लाइडचा रिकामा भाग त्याच प्रकाशात टिपून ठेवा आणि स्टॅक करण्याआधी प्रत्येक फ्रेम त्यानं भागा.