बाबांची तिथी उखीमठला झाली

केदारनाथ पायी करायचं आणि तिथून बद्रीनाथला जाऊन ब्रह्मकपालावर बाबांचं श्राद्ध करायचं, असं दादाने बाबा गेले त्याच वर्षी ठरवलं होतं. बाबांची तिथी दशमीची, त्यामुळे इंदूरहून निघतानाच पितृपक्षाचा एकेक दिवस मोजून सगळं बसवलेलं. आम्ही चौघं, आई, दादा, वहिनी आणि मी. आई ६८ वर्षांची, पण घोड्यावर बसणार नाही म्हणजे नाहीच. गौरीकुंडाहून १६ किलोमीटरचा चढ, त्यात रामबाड्याचा जुना रस्ता २०१३ च्या पुरात वाहून गेला तेव्हापासून नदी ओलांडून पलीकडच्या अंगाने चढावं लागतं, लिंचोलीपर्यंत आईचं रामनाम दर चार पावलांनी तुटत होतं पण बाई थांबली नाही. दर्शन झालं, डोळे भरून झालं. पण मला सांगायचंय ते परतीच्या वाटेवरच्या उखीमठबद्दल.

गुप्तकाशीहून जीपने खाली कुंडला उतरलो, मंदाकिनी ओलांडली, परत वर चढून उखीमठ. पुढे चोपता, गोपेश्वर, चमोली आणि मग बद्रीनाथ असा प्लॅन होता. रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी ड्रायव्हर म्हणाला की पुढे रोडवर मलबा आलाय, खाली रुद्रप्रयागकडचा रस्ताही बंद, जेसीबी लागलंय, कल तक खुल जाएगा. त्या दिवशी नवमी होती. दादा काहीच बोलला नाही, नुसता गेस्ट हाउसच्या गॅलरीत उभा राहिला. समोर दरीपलीकडे गुप्तकाशी दिसत होती, इतकी जवळ की हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटावं, आणि आम्ही अलीकडे अडकलेलो.

आई म्हणाली, बसून काय करायचं, गावात देऊळ आहे म्हणतात, चला.

उखीमठ लहान गाव आहे, एक बाजार, उतरत्या गल्ल्या, स्लेटच्या छपरांची काही जुनी घरं आणि मध्ये ओंकारेश्वराचं मंदिर. हो, ओंकारेश्वर. नाव वाचूनच आम्ही थबकलो, कारण इंदूरच्या माणसाला ओंकारेश्वर म्हणजे नर्मदा, बडवाहवरून जाणारा रस्ता, श्रावणातला सोमवार. बाबा आम्हाला दर श्रावणात न्यायचे आणि बेटाची सात किलोमीटरची परिक्रमा पायी करायला लावायचे, दादा रडायचा तेव्हा त्याला राजा मांधाताची गोष्ट सांगत सांगत चालवायचे, की या राजाने इथे तप केलं, शंकर प्रसन्न झाला, म्हणून बेटाचं नावच मांधाता.

उखीमठच्या मंदिरात एक वयस्कर पुजारी बसले होते, आईने सहज विचारलं इथलं महात्म्य काय, तर ते म्हणाले, "माताजी, यहाँ राजा मांधाता ने बारह बरस एक पैर पर तप किया, भगवान ने ओंकार की ध्वनि में दर्शन दिया." आई एकदम म्हणाली, "मांधाता? अहो तो तर आमचा!" मराठीतच म्हणाली. दादाने खाली मान घातली. मला कळलं त्याला काय आठवलं ते.

मग त्यांनी बरंच सांगितलं. बाणासुराची मुलगी उषा आणि कृष्णाचा नातू अनिरुद्ध यांचं लग्न इथे झालं, तिच्यावरूनच उखीमठ नाव, लग्नाची जागा आवारातच दाखवतात. केदारनाथचे रावल, म्हणजे मुख्य पुजारी, कर्नाटकातल्या वीरशैव परंपरेतले असतात हे मला आधी माहीतच नव्हतं. आणि भाऊबीजेला केदारनाथचे कपाट, म्हणजे देवळाचे दरवाजे, बंद झाले की देव इथे येतो, त्याची पंचमुखी डोली खांद्यावरून पायी आणतात, पहिला मुक्काम रामपूर, दुसरा गुप्तकाशी, तिसऱ्या दिवशी उखीमठ, मग सगळा हिवाळा पूजा इथेच. मध्यमहेश्वरसुद्धा हिवाळ्यात इथेच येतात. वर परत कधी जायचं ती तारीख महाशिवरात्रीला याच मंदिरात ठरते. आळंदीहून माउलींची पालखी निघते तसंच की हे! म्हणजे आम्ही जो डोंगर पायी चढून आलो तो देव दरवर्षी स्वतः पायी उतरतो, आणि त्याचं हिवाळ्याचं घर असलेलं हे गाव आम्ही जीपमधून झोपेत पार करून गेलो असतो.

दुसऱ्या दिवशी दशमी. रस्ता बंदच. गेस्ट हाउसच्या दीदीला वहिनीने विचारलं, जरा किचन वापरू का, आज सासऱ्यांची तिथी आहे. दीदी म्हणाली आमच्याकडेही श्राद्ध पाळतात, तुम्ही बसा, मी करते. तिने झंगोऱ्याची खीर केली, गहतची डाळ, मंडुव्याच्या रोट्या. झंगोरा म्हणजे आपल्या भगरीसारखाच, गहत म्हणजे कुळीथ, मंडुवा म्हणजे नाचणी. भगर तर उपासाची, श्राद्धाला चालते का म्हणून आई आधी अडखळली, मग म्हणाली, ज्या घरात अडकलो त्या घरचं अन्न, चालतं. दादाने मंदिराजवळच्या पाण्याच्या धारेवर तर्पण केलं. घास ठेवला, बराच वेळ वाट पाहिली, कावळा आला नाही, शेवटी आईने दीदीच्या गाईला दिला.

रात्री परत पाऊस लागला तर दीदी उठून बसली होती, झोपली नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये इथे ढगफुटी झाली, आसपासच्या गावांतली कितीतरी माणसं मलब्याखाली गेली, तेव्हापासून पावसाचा आवाज वाढला की झोप लागत नाही म्हणाली. आई तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, आईचं हिंदी आणि तिचं गढवाली.

एकादशीला रस्ता उघडला. बद्रीनाथला ब्रह्मकपालावर पिंडदान झालं, तीर्थावर पोचलात तोच दिवस खरा असं तिथले गुरुजी म्हणाले, दादाने मान हलवली.

यंदा भाऊबीजेला दादा रामबागेत आमच्याकडे आला होता. मी ओवाळलं, निरांजन खाली ठेवलं आणि आई घड्याळाकडे बघून म्हणाली, आत्तापर्यंत डोली रामपूरला पोचली असेल, उद्या गुप्तकाशी, परवा आपल्या उखीमठला.