टपाल खर्च रुपये १८५

ऑगस्ट २०१८ मधली गोष्ट. सोमवारी सकाळी दूध आणायला गेले तर डेअरीसमोरच्या रस्त्यावर गुलाल पडलेला. दूधवाला म्हणाला, "ताई, काल शाळेच्या संस्थेची निवडणूक झाली ना. तुम्ही नव्हता का?"

मी त्या संस्थेची १९९४ पासूनची आजीव सभासद. मला सभेची नोटीस आली नव्हती. माझ्या वडिलांना, नानांनाही नाही. शाळेच्या पहिल्या तीन खोल्यांसाठी नानांनी स्वतःच्या बैलगाडीने दगड वाहिले होते. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी त्याच दिवशी ठरवलं की हे सोडायचं नाही.

आमच्याकडे पुष्कळांचा गोंधळ होतो म्हणून आधीच सांगते. पालकांची शाळा व्यवस्थापन समिती वेगळी. ती शिक्षण हक्क कायद्यातली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. मी सांगतेय ते शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यकारी मंडळाबद्दल. मुख्याध्यापक कोण, नेमणूक कोणाची, पैसा कुठे जाणार हे सगळं या मंडळाच्या हातात असतं, आणि त्याची निवडणूक फक्त सभासदांत होते.

चौकशी केली तसं एकेक बाहेर आलं. वर्गणी थकली म्हणून ४१ साधारण सभासदांची नावं यादीतून काढली होती. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकलेल्याला मत देता येत नाही असं आहे, त्याचाच आधार घेतला होता. पण त्या ४१ जणांकडे वर्गणी कधी कोणी मागितलीच नव्हती. एक-दोघे भरायला गेले तर "पावतीपुस्तक संपलंय" म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे एकाच दिवशी ३८ नवे सभासद झाले. प्रचाराला शिक्षकांना जुंपलं होतं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दोघे-दोघे गाडीवर बसून आपल्या बाजूच्या सभासदांच्या घरी जात. एका शिक्षिकेने मला सांगितलं, "ताई, माझा वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव त्यांच्या सहीवाचून अडलाय. मी नाही कसं म्हणू?" मला तिचा राग आला नाही. तिला या कोंडीत टाकणाऱ्यांचा आला, आणि तो अजून आहे.

हे सगळं मी वकीलसाहेबांपुढे मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, हे सांगायला ती शिक्षिका साक्षीला येईल का?" येणार नव्हती. "मग प्रचाराचं बाजूला ठेवा. धर्मादाय कार्यालयात आधी विचारतील, सभेची नोटीस कशी गेली. ते धरा."

संस्थांची नोंद या धर्मादाय कार्यालयात असते. मंडळ बदललं की ९० दिवसांत तिथे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०, कलम २२. तो मंजूर झाला की नवी नावं शेड्यूल वनला, म्हणजे तिथल्या संस्थेच्या नोंदीत, लागतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर रिपोर्ट आधी तात्पुरता मंजूर करता येतो आणि हरकतीसाठी ३० दिवसांची नोटीस निघते. विजयी गटाने रिपोर्ट दिला, तो तात्पुरता मंजूर झाला, नोटीस लागली. आम्ही तेविसाव्या दिवशी हरकत दाखल केली.

हरकत घेणारी व्यक्ती संस्थेशी संबंधित असावी लागते. माझ्याकडे २५१ रुपयांची आजीव सभासदत्वाची पावती होती, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये नानांनी जपून ठेवलेली. पण पावती माहेरच्या नावाची. लग्न १९९६ चं. समोरच्या वकिलांनी लगेच म्हटलं, पावतीवरची बाई आणि हरकतदार बाई एकच कशावरून? दहावीचा दाखला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, दोन्ही नावं माझीच असल्याचं प्रतिज्ञापत्र, एवढं जोडण्यात दोन तारखा गेल्या. ज्या बायकांची सभासदत्वं लग्नाआधीची आहेत त्यांनी संस्थेकडे नावबदलाचा अर्ज आजच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरलं जातं.

मग सुरू झालं नक्कल अर्जांचं काम. २०१३ च्या निवडणुकीचा चेंज रिपोर्ट रेकॉर्डला होता आणि त्याला तेव्हाची सभासद यादी जोडलेली होती. १२७ नावं. नव्या यादीत १२४. दोन्ही शेजारी ठेवून लाल पेनने खुणा करत बसलो तेव्हा ४१ आणि ३८ हे आकडे तोंडी तक्रारीतून उठून कागदावर आले. संस्था दरवर्षी ऑडिटचे हिशेबही त्याच कार्यालयात भरते. २०१८-१९ चे हिशेब आले तेव्हा त्यांचीही नक्कल काढली. वकीलसाहेब जमाखर्चाच्या पत्रकावरून बोट फिरवत खाली येत होते, ते एका ओळीवर थांबलं. टपाल खर्च, रुपये १८५. त्यांनी ती ओळ पेन्सिलने अधोरेखित केली आणि कागद फाइलमध्ये ठेवून दिला.

त्यानंतर तारखा. बोर्डावर नंबर पाहायचा, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं. कधी समोरच्यांचे वकील नाहीत, कधी साहेब रजेवर. मार्च २०२० पासून तर सगळं बंदच पडलं. त्या वर्षी नाना गेले.

उलटतपास झाला २०२१ मध्ये. समोरचे रिपोर्टिंग ट्रस्टी, म्हणजे चेंज रिपोर्ट देणारे, होते संस्थेचे सचिव, आणि सचिव म्हणजे आठवी ते दहावी मला गणित शिकवलेले सर. आत जाण्याआधी मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"१२४ सभासदांना नोटिसा कशा पाठवल्या?"

"साध्या टपालाने."

"तिकिटं कोणी आणली?"

"शिपायाने."

"पैसे?"

"संस्थेच्या खात्यातून."

वकीलसाहेबांनी हिशेबाची नक्कल पुढे केली. ही सही तुमचीच ना? हो. साध्या पाकिटाला पाच रुपयांचं तिकीट लागतं, १२४ पाकिटांना ६२० रुपये झाले. अख्ख्या वर्षाचा टपाल खर्च किती लिहिलाय, वाचून दाखवा. सरांनी चष्मा पुसला, कागद जवळ धरला, वाचलं. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "काही नोटिसा हस्ते दिल्या असतील." त्या कोणाला दिल्या, पोच कुठे आहे, याला उत्तर नव्हतं. मला त्या क्षणी आनंद झाला नाही. ज्यांनी मला गणित सोडवताना एकही पायरी गाळू दिली नाही त्यांना तिथे तसं उभं पाहवत नव्हतं. तरी तो प्रश्न विचारायलाच हवा होता.

चार महिन्यांनी निकाल लागला. सर्व सभासदांना नोटीस गेल्याचं सिद्ध झालं नाही, चेंज रिपोर्ट नामंजूर. शिक्षकांच्या प्रचाराबद्दल निकालात अक्षर नाही.

समोरच्यांनी त्याच कायद्याच्या कलम ७० खाली ६० दिवसांच्या आत अपील केलं. स्थगिती मिळाली नाही. शेड्यूल वनला पुन्हा २०१३ चं मंडळ उरलं होतं. त्यांनी २०१३ ची यादी धरून, थकलेल्यांना आधी वर्गणीची मागणी पाठवून, २०२२ मध्ये सभा घेतली. नोटिसा रजिस्टर पोस्टाने गेल्या. पोस्टाच्या पावत्या जावक रजिस्टरमध्ये चिकटवायला मी स्वतः बसले होते. दोन्ही पॅनेलचे लोक निवडून आले, सरही. त्या चेंज रिपोर्टला कोणी हरकत घेतली नाही. जुनं अपील अजून तारखांवर आहे.

या चार वर्षांत शाळेचं काय झालं हे मला जास्त लागलं. मे २०१९ मध्ये मुख्याध्यापक निवृत्त झाले. सेवाज्येष्ठतेने शाळेतल्या एका बाईंचा नंबर होता, पण दोन गटांनी दोन वेगवेगळे प्रस्ताव पाठवले. शिक्षण खात्याने विचारलं, शेड्यूल वन कोणाचं? वाद चालू, म्हणून बाईंना फक्त सहीचे अधिकार मिळाले. पगारबिलं निघत होती, पण मान्यता नाही. बाई प्रभारी त्या प्रभारीच. शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकांच्या नावांचा लाकडी फलक आहे, त्यावरची शेवटची ओळ रिकामी राहिली.

मान्यतेचं पत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. तेव्हा बाईंच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्यांनी फोन करून मला बोलावून घेतलं, पत्र हातात दिलं आणि म्हणाल्या, "वाच." मी मोठ्याने वाचलं. फलकावर नाव लिहायला पेंटर दुसऱ्या दिवशी आला.