पावसाळ्यातले जलरंगाचे ब्रश : जून ते ऑगस्टच्या नोंदी, बेळगाव

जूनचा दुसरा आठवडा. यंदा तीन ब्रश एकाच वेळी वापरात काढलेत : १२ नंबरचा सिंथेटिक राउंड, ८ नंबरचा कोलिन्स्की सेबल (मुंगसासारख्या दिसणाऱ्या विझल या प्राण्याच्या केसांचा) आणि खारीच्या केसांचा मॉप, म्हणजे जाड, मऊ ब्रश. मॉप पाणी भरपूर धरतो, पण त्याला स्प्रिंग नाही, म्हणजे वाकलेले केस परत सरळ होत नाहीत. जांबोटीकडचं ढगाळ आभाळ एका दमात रंगवायला तोच लागतो, झाडाच्या फांदीला मात्र कामाचा नाही.

निवडताना एक पक्कं ध्यानात ठेवा. नवा ब्रश टोकदार दिसतो तो खळीमुळे. गणपत गल्ली असो की खडेबाजार, दुकानदाराकडं वाटीभर पाणी मागा, खळ पूर्ण सुटेपर्यंत ब्रश पाण्यात हलवा आणि मनगटानं एकच झटका द्या. केस आपोआप एका टोकाला जुळले तर घ्या. दोन फाटे फुटले तर परत ठेवा, किंमत कितीही असू दे. जुन्या साठ्यातला मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी पुढं केला तर सरळ नको म्हणा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे आणि त्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. चांगला सिंथेटिक ते काम करतो.

जुलै. पाऊस धरून बसला आणि खरा त्रास सुरू झाला. सिंथेटिकचा दांडा फेरूलपाशी, म्हणजे केस आणि दांडा जोडणाऱ्या पत्र्याच्या नळीपाशी, हलायला लागला, वरच्या रंगाला बारीक तडा गेला. कारण पाण्याच्या भांड्यात उभा ठेवणं. तडा गेला की लाकूड पाणी पितं, फुगून पत्र्यावर दाबतं, वाळल्यावर आकसतं आणि सैल पडतं. उपाय : दांडा पूर्ण वाळू द्या, ओढून काढा, टोकाला थोडा इपॉक्सी लावून परत बसवा आणि एक दिवस हात लावू नका. टोकही वाकलं होतं, कारण ब्रशचं सगळं वजन केसांवर पडलं होतं. केसांचा पुढचा भागच गरम पाण्यात पाच-सात सेकंद धरून बोटांनी ओढला तर सिंथेटिक बऱ्यापैकी सरळ होतो. फेरूल बुडवायचा नाही, आतला गोंद सुटतो. सेबलवर हा प्रयोग मुळीच करू नका.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर. ब्रश केसांच्या टोकाकडून नाही, गळ्याकडून मरतो. फेरूलच्या तोंडाशी रंग साचून वाळतो, केस आतून फाकतात आणि मग टोक कधीच जुळत नाही. म्हणून नुसतं खळबळून भागत नाही. साध्या पाण्यात ओला करून साबणाच्या वडीवर हलकेच फिरवा, तळहातावर गोल घोळवा, फेरूलकडून टोकाकडं चिमटीनं दाबत फेस काढा. पहिल्या फेसात थॅलो हा गडद निळा रंग उतरतो, दुसऱ्यात कमी. फेस पांढरा येईपर्यंत हेच. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा चिकट थर राहतो. शेवटचं खळबळणं आरओ फिल्टरच्या पाण्यात करा.

वाळवताना टॉवेलवर आडवा, दांड्याखाली पेन्सिल सारून, म्हणजे उतार केसांकडं राहतो. उन्हाळ्यात काही तासांत वाळतो, या दिवसांत पूर्ण दिवस द्या. ओल्या ब्रशवर प्लास्टिकची नळी चढवली तर आत बुरशी धरते आणि कुबट वास येतो. बांबूची चटई बरी, तीही वाळलेल्या ब्रशसाठीच.

ऑगस्ट. मॉपच्या कडेचे चार-पाच केस मध्येच तुटलेले दिसले. कसरीनं कुरतडलेत. नैसर्गिक केस तिचं खाद्य, सिंथेटिकला ती तोंड लावत नाही. सेबल आणि मॉप आता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह.

सेबलचं टोक अजून शाबूत आहे. त्यानं वाळलेल्या पॅनमधला (रंगाच्या वडीतला) रंग घोळायचा नाही, कागद घासून रंग उचलायचा नाही आणि मास्किंग फ्लुइडला (कागद कोरा राखायला लावायच्या पातळ रबराला) तर शिवायचंही नाही. त्या कामांना जुना ६ नंबरचा सिंथेटिक बाजूला काढलाय. मास्किंगआधी त्याचे केस साबणात बुडवून घेतले की रबर चिकटत नाही.

पुढची नोंद सप्टेंबरअखेर, इपॉक्सीचा जोड टिकला का ते बघून.